सेत्ते, सत्त, सात

इटालियन भाषेतील पहिला शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. 'चाओ' जगभर पोचलेला आहे. भेटतानाही चालतो, निरोप घेतानाही चालतो. त्याची व्युत्पत्ती मात्र आपल्यासारख्या वाचकाला थोडे थांबवणारी आहे. व्हेनिसच्या बोलीत गुलामाला 'स्च्यावो' म्हणत, आणि समोरच्याला 'मी आपला दास' असे म्हणण्याची तिथे रीत होती. बोलण्यात झिजत झिजत त्या दास्याचे 'चाओ' झाले. त्याही मागे गेले तर गुलाम या अर्थाचा लॅटिन शब्द 'स्लाव' लोकांच्या नावावरून आलेला आढळतो, कारण मध्ययुगात बाजारात विकली जाणारी माणसे पुष्कळदा स्लाव असत. एका जमातीचे नावच गुलामीचा प्रतिशब्द बनले, हे आपल्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या पूर्वजांच्या तोंडीही असाच एक शब्द होता : जोहार. पाटलापुढे, कारकुनापुढे, गावच्या कोणाही 'मोठ्या' माणसापुढे महाराने जोहार करायचा. इटलीत 'चाओ'मधील दास्य लोक विसरून गेले आणि शब्द मित्रामित्रांचा झाला. आपल्याकडे तसे विसरून चालण्यासारखे नव्हते. जोहार जाणीवपूर्वक टाकला गेला आणि त्या जागी 'जय भीम' आले. कामठीच्या बाबू हरदासांचे नाव त्यासाठी आजही कृतज्ञतेने घेतले जाते. अभिवादन बदलणे ही किरकोळ गोष्ट आहे असे ज्यांना वाटते, त्यांना कोणी तरी कधी जोहार करायला लावलेला नसतो.

दुसऱ्या पाठात संबोधन येते. इटालियनमध्ये जवळच्या माणसाला 'तू' म्हणतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही आपलेच. आदरार्थी मात्र 'लेई' येते, आणि 'लेई' म्हणजे खरे तर 'ती'. समोर दाढीवाले गृहस्थ बसलेले असले तरी व्याकरण स्त्रीलिंगी तृतीयपुरुषी चालते. इंग्रजी भाषकांना हे फार विचित्र वाटते. आपल्याला वाटू नये, कारण 'आज स्वारी कुठे निघाली?' हे आपण पुरुषालाच विचारतो. तिथेही 'आपली सरकारस्वारी' अशा अर्थाच्या स्त्रीलिंगी पदव्यांमधूनच हे रूप रुजले. मुसोलिनीच्या राजवटीने १९३८ मध्ये हे 'लेई' परदेशी आणि बायकी ठरवून त्यावर बंदी आणली आणि 'वोई' वापरण्याचा हुकूम सोडला. 'लेई' नावाचे स्त्रियांचे एक साप्ताहिक होते. तिथे त्या शब्दाचा अर्थ सरळ 'ती' असाच होता, तरीही त्याला 'आन्नाबेल्ला' असे नाव घ्यावे लागले. त्याच वर्षी ज्यूंविरुद्धचे वंशवादी कायदे आले. कोणी कोणाला काय म्हणावे हे ठरवणारी सत्ता तेवढ्यावर थांबत नाही.

हे शिकण्याचे निमित्त अगदी व्यावहारिक. गेली दोन वर्षे माझे निम्मे काम तोरिनोतील एका टीमबरोबर चालते. मीटिंग इंग्रजीत होते, पण शेवटची दोन मिनिटे, जेव्हा माणसे खरे बोलतात, ती इटालियनमध्ये जातात. म्हणून रात्री मुले झोपल्यावर अर्धा तास काढू लागले. एडएक्सवर वेल्झली कॉलेजचा इटालियन भाषा आणि संस्कृतीचा प्रारंभिक अभ्यासक्रम आहे, त्याने सुरुवात केली. नंतर आठवड्यातून एकदा व्हिडिओवर शिकवणाऱ्या एक बाई मिळाल्या. त्या दक्षिणेतल्या बारी शहराच्या. ऑनलाइन शिक्षणाचा माझा अनुभव असा की संवाद शंभर वेळा ऐकण्यासाठी यंत्रासारखा सोबती नाही. ते कंटाळत नाही आणि चेहराही वाकडा करत नाही. पण यंत्र जिथे 'शाब्बास' म्हणून पुढच्या पायरीवर ढकलते, तिथे बाई शांतपणे 'पुन्हा म्हणा' म्हणतात. दोन्ही लागतात. केवळ मोबाइलवरच्या खेळावर विसंबून भाषा येईल असे मला वाटत नाही, मग सलग कितीही दिवसांची माळ त्यात जमा होवो.

मराठी माणसाने इटालियन शिकावे याला एक साधे कारण आहे : अर्धे व्याकरण आपल्या घरातच आहे. 'मला कॉफी आवडते' याला इटालियन म्हणतात 'मी प्याचे इल काफ्फे'. यातला 'मी' म्हणजे 'मला'. कर्ता कॉफी आहे, मी नव्हे. पुस्तके अनेक असली की क्रियापद अनेकवचनी होते, 'मी प्याच्योनो ई लीब्री', जसे आपण 'मला पुस्तके आवडतात' म्हणतो. माझ्या वर्गातील इंग्रज सहाध्यायी या एका वाक्यरचनेवर तीन आठवडे अडखळले. 'सोनो आन्दातो' आणि 'सोनो आन्दाता' यांतला फरक म्हणजे 'मी गेलो' आणि 'मी गेले'. इतकेच काय, 'ती भाकरी मी खाल्ली' यात क्रियापद भाकरीप्रमाणे स्त्रीलिंगी होते, तसेच वस्तूचे सर्वनाम आधी आले की इटालियनमध्येही होते : 'लो मांज्याता'. लिंगे मात्र दोनच. लॅटिनमधले नपुंसकलिंग वाटेत गळून गेले. 'बोलतो', 'बोलतेस' म्हटल्यावर वेगळे 'मी' किंवा 'तू' लागत नाही, हेही दोन्हीकडे सारखेच.

आता ज्या गोष्टीने मला या भाषेत खऱ्या अर्थाने अडकवले, ती सांगते. इटालियनमध्ये जोडाक्षराचे द्वित्व फार काटेकोर असते. 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'पेना' म्हणजे दुःख, 'पेन्ना' म्हणजे लेखणी. 'कापेल्लो' म्हणजे केस, 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. इंग्रज कानाला हा फरक ऐकूच येत नाही. आपल्याला तो समजावण्याची गरज नाही. पती आणि पत्ती यांत घोटाळा करणारी मराठी बाई अजून जन्माला यायची आहे.

अंक शिकताना हे द्वित्व पुन्हा समोर आले. उनो, दुए, त्रे, क्वात्त्रो, चिंक्वे, सेई, सेत्ते, ओत्तो. 'सेत्ते'वर आले आणि कानात दुसराच आवाज वाजला. सत्त बोज्झङ्ग. अट्ठङ्गिक मग्ग. रविवारच्या धम्मवर्गात आमची मुले जे अंक म्हणतात, ते आणि हे एकाच घरचे वाटावेत इतके जवळचे. मग लॅटिन काढून पाहिले. लॅटिनमध्ये सात म्हणजे 'सेप्तेम', आठ म्हणजे 'ओक्तो'. सामान्य माणसांच्या जिभेवर 'प्त' आणि 'क्त' या जोड्या एकमेकींत विरघळल्या आणि दोन्हींची 'त्त' झाली. संस्कृत रूपांशी पाली रूपे ताडून पाहा : सप्त–सत्त, अष्ट–अट्ठ, मुक्त–मुत्त, सुप्त–सुत्त, धर्म–धम्म, मार्ग–मग्ग. तिकडे 'फाक्तुम'चे 'फात्तो' झाले, 'स्क्रिप्तुम'चे 'स्क्रित्तो', 'नोक्तेम'चे 'नोत्ते'. हजारो मैलांवरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या लोकांनी एकच काम केले : जड जोडाक्षर घेतले आणि बोलण्याजोगे केले.

पालीला 'बिघडलेले संस्कृत' म्हणणारे लोक आपल्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटलेले असतात. तोच माणूस इटालियनला 'बिघडलेले लॅटिन' म्हणणार नाही. व्याकरणशास्त्राच्या दृष्टीने दोन्हीकडे घडले ते एकच. प्रतिष्ठा तेवढी वेगळी मिळाली. भाषेचा दर्जा ध्वनिनियम ठरवत नाहीत, ती बोलणाऱ्यांचा समाजातला दर्जा ठरवतो. ज्या बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि फारसी घ्यावी लागली, त्यांनी पुढे संस्कृत स्वतः मिळवले, जर्मन विद्यापीठाच्या ओढीने बॉन गाठले, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात पालीचा कोश रचला. महाराष्ट्र शासनाच्या लेखन-भाषणे मालेचा सोळावा खंड ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी तो कधी तरी नुसता चाळावा. इतक्या कामांच्या रगाड्यात एक माणूस शब्द गोळा करत बसला होता, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही छायाचित्रापेक्षा अधिक बोलकी वाटते.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्षू तथागतांकडे तक्रार घेऊन येतात : नाना कुळांचे, नाना जातींचे भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन दूषित करतात, तेव्हा ते छंदोबद्ध वैदिक वळणात घालू द्यावे. तथागत ती मागणी नाकारतात आणि बुद्धवचन 'सकाय निरुत्तिया' शिकण्याची अनुज्ञा देतात. 'सक' म्हणजे ज्याची त्याची भाषा की बुद्धांची स्वतःची, यावर बुद्धघोषापासून वाद आहे. पण नकार कोणत्या मागणीला दिला याविषयी वाद नाही.

युरोपात हाच प्रश्न दान्तेने १३०३ ते १३०५च्या सुमारास हाती घेतला. दाईच्या मांडीवर, नियमांवाचून शिकलेली लोकभाषा ही पुस्तकातून शिकलेल्या लॅटिनपेक्षा श्रेष्ठ आहे, असे त्याने प्रतिपादले, आणि तेही लॅटिनमध्ये, कारण ज्यांना पटवायचे होते ते लॅटिनच वाचत. इथपर्यंत वाचून मन भरून येते. पुढे तोच दान्ते इटलीच्या बोलींची परीक्षा घेत फिरतो, रोमच्या बोलीला सर्वांत कुरूप ठरवतो आणि सार्डिनिया बेटावरील लोक माकडांनी माणसांची नक्कल करावी तशी लॅटिनची नक्कल करतात, असे लिहून मोकळा होतो. लोकभाषेचा कैवारी झाला म्हणून माणूस सर्वच लोकांचा कैवारी होतो असे नाही. आपल्याकडील काही थोर भाषाभिमानी आठवावेत.

आज आपण जिला इटालियन म्हणतो ती मुख्यतः फिरेन्झे, म्हणजे फ्लॉरेन्सच्या शिष्ट बोलीवर उभी आहे. मान्झोनीने १८२७ मध्ये छापलेली आपली कादंबरी त्या बोलीच्या वळणावर पुन्हा लिहून काढली आणि १८४० ते १८४२ दरम्यान नव्याने प्रसिद्ध केली. थोडक्यात, त्यांचेही एक पुणे आहे. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा ही भाषा प्रत्यक्षात किती लोकांना येत होती? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये अंदाज मांडला : शंभरात अडीच. इतर अभ्यासकांनी तो दहापर्यंत नेला, त्याच्या फार पुढे नव्हे. चारांपैकी तिघे निरक्षर होते. उरलेल्यांच्या घरी सिसिलियन, नापोलितन, व्हेनेतो, सार्ड अशा भाषा नांदत होत्या, आणि शाळेत पाय ठेवला की त्यांना 'दियालेत्तो' म्हणून गप्प केले जाई.

हे वाचताना मला माझी आजी आठवते. वऱ्हाडातली. ती शेवटपर्यंत 'पानी' आणि 'आनी' म्हणाली. आमच्या पिढीला शाळेत 'ण'साठी उभे केले गेले आणि वर्ग हसला. या सदराच्या वाचकांपैकी अनेकांनी ते अनुभवले असेल. विनोद असा की पालीत 'पानीय' हेच पाणी आहे. ज्या 'न'ला अशुद्ध म्हटले गेले, तो त्रिपिटकातला आहे. पण ही भाषिक माहिती त्या वेळी वर्गात कोणाजवळ नव्हती. परिणाम असा झाला की आमच्यातल्या पुष्कळांनी आपली बोली मुलांपासून लपवली. काहींनी तर परदेशी आल्यावर मराठीच सोडली. इंग्रजीत कोणी 'ण' विचारत नाही, ही त्यामागची न बोललेली सुटका होती. मी ती समजू शकते. मान्य मात्र करू शकत नाही.

आन्तोनिओ ग्राम्शी हा त्याच सार्डिनियाचा, जिच्या लोकांना दान्तेने माकडे म्हटले. जन्म २२ जानेवारी १८९१. बाबासाहेबांहून अवघे बारा आठवडे आधी. तोरिनोच्या विद्यापीठात तो शिष्यवृत्तीवर भाषाशास्त्र शिकला, १९२६ च्या नोव्हेंबरात फॅसिस्टांनी त्याला अटक केली आणि १९३७ मध्ये सुटका हाती येता येता तो गेला. 'सबाल्टर्न' हा शब्द आज दलित अभ्यासात सर्रास वापरला जातो, त्यामागे त्याच्या तुरुंगातील वह्या आहेत. ग्राम्शी आणि आंबेडकर यांच्या राजकीय विचारांवर एकत्रित लेखांचा ग्रंथही २०१३ मध्ये इंग्रजीत आला. मला मात्र त्याचे एक घरगुती पत्र अधिक जवळचे वाटते. मार्च १९२७ मध्ये त्याने बहीण तेरेसिनाला विचारले की तुझा मुलगा कोणती भाषा बोलतो? त्याला सार्ड बोलू दे, त्यात अडथळा आणू नकोस, असे त्याने कळवले. घरातल्या एका पुतणीला लहानपणी सार्ड मोकळेपणी बोलू दिली नाही, त्याने तिच्या कल्पनाशक्तीला जखडून टाकले, असे त्याचे मत होते. फॅसिस्टांच्या तुरुंगात बसलेला, खटल्याची वाट पाहणारा माणूस भाच्याच्या बोलीची काळजी करतो.

तोच ग्राम्शी वह्यांमध्ये उलट बाजूही मांडतो : जो केवळ बोलीच जाणतो त्याचे जग आकुंचित राहते, म्हणून राष्ट्रभाषा नीट आलीच पाहिजे. या दोन विधानांत विसंगती शोधणाऱ्यांनी बाबासाहेबांचे 'मूकनायक' आणि त्यांचे इंग्रजी ग्रंथ शेजारी ठेवावेत.

प्रौढांना ही राष्ट्रभाषा शिकवण्याचे इटलीने जे केले, त्याला आजच्या ऑनलाइन वर्गांचे आजोबा म्हणता येईल. १९६० ते १९६८ या काळात आल्बेर्तो मान्झी नावाचे शिक्षक सरकारी दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी अक्षरे शिकवत. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ 'उशीर कधीच झालेला नसतो'. मोठ्या कागदावर कोळशाने भराभर चित्र काढायचे, त्या चित्रातून शब्द, शब्दातून अक्षर. त्यातले काही भाग आजही आंतरजालावर पाहता येतात, आणि नवशिक्याला याहून चांगला शिक्षक मी पाहिलेला नाही : सावकाश, स्पष्ट, आणि शिकणारा प्रौढ आहे हे न विसरता. त्याच काळात फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरातील बार्बियाना या वस्तीत दोन लोरेन्झो मिलानी हा पाद्री शेतकऱ्यांच्या नापास मुलांना वर्तमानपत्र वाचायला शिकवत होता. माणसांत समानता आणते ती भाषा, अशी त्याची धारणा होती. त्याच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले बाईंना पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने आले; मराठीत ते 'प्रिय बाई' या नावाने वाचता येते. नापास कोणाची मुले होतात याचा त्या मुलांनी मांडलेला हिशेब आपल्या घरांतून जरूर वाचला जावा.

सहा महिन्यांनंतर काय वाचता येते? माझ्यापुरते उत्तर : इटलीच्या संविधानाचे तिसरे कलम. १ जानेवारी १९४८ रोजी अमलात आलेले हे संविधान ज्या सभेने लिहिले तिच्या ५५६ सदस्यांत २१ स्त्रिया होत्या, आणि भाषा मुद्दाम सोपी ठेवलेली आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन पाऊण तासात कलम पार झाले. पहिल्या परिच्छेदात सर्व नागरिकांना समान सामाजिक प्रतिष्ठा आहे, लिंग, वंश, भाषा, धर्म, राजकीय मत, वैयक्तिक वा सामाजिक स्थिती यांचा भेद न करता. 'भाषा' हा शब्द तिथे ठळक दिसला. दुसरा परिच्छेद त्याहून पुढे जातो : नागरिकांच्या समतेला प्रत्यक्षात आड येणारे आर्थिक आणि सामाजिक अडथळे दूर करणे हे प्रजासत्ताकाचे कर्तव्य आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातील ज्या विसंगतीचा इशारा दिला, तीच काळजी इथे कलमाच्या रूपात बसलेली आहे.

कागदावरची ही वाक्ये आणि रोमच्या दक्षिणेकडील लातीना जिल्ह्यातील शेते यांत मात्र अंतर आहे. तिथे भाजी आणि फळे काढणाऱ्यांत हजारो पंजाबी मजूर आहेत. इटलीतील पंजाब्यांत रविदासिया समाजही मोठा आहे, त्यांची स्वतःची प्रार्थनास्थळे आहेत. तेव्हा ही दूरची गोष्ट समजू नये. जून २०२४ मध्ये करारपत्राविना राबणारा सतनाम सिंग यंत्रात हात तुटल्यावर घरासमोर टाकून दिला गेला आणि रुग्णालयात मरण पावला. मुकादमी शोषणाविरुद्ध २०१६ चा कायदा होता. कायदा इटालियनमध्ये असतो. अशा मजुरांना अनोळखी माणूस 'लेई' न म्हणता सरळ 'तू' म्हणतो, हे तिथल्या लेखनातून वारंवार वाचायला मिळते. त्यावर अधिक भाष्य आपल्या वाचकांपुढे नको.

दीर्घ मुदतीच्या वास्तव्य परवान्यासाठी तिथे ए-दोन पातळीची भाषा परीक्षा लागते, नागरिकत्वासाठी २०१८ पासून बी-एक. प्रौढ शिक्षणाची सरकारी केंद्रे आणि स्वयंसेवी वर्ग हे शिक्षण देतात. माझ्या पाठ्यपुस्तकात पहिल्या वीस शब्दांत कॉफी, समुद्रकिनारा आणि संग्रहालय आहे. शेतमजुराला पहिल्या दिवशी लागणारे शब्द निराळे : 'ओरे' म्हणजे तास, 'इन्फोर्तूनिओ' म्हणजे कामावरचा अपघात, 'बुस्ता पागा' म्हणजे वेतनपत्रक. यातला 'पागा' आणि पोर्तुगीजांकडून मराठीत आलेला 'पगार' एकाच लॅटिन मुळाचे. आणि 'कोन्त्रात्तो', करार. लॅटिन 'क्त'चा इथेही 'त्त' झालेला आहे. हे द्वित्व पंजाबी माणसाला कोणी शिकवायला नको. मराठीने सत्तचे सात आणि अट्ठचे आठ केले. पंजाबीने केले नाही. शेतावर पेट्या मोजताना तो आजही सत्त, अट्ठ असेच म्हणतो.